कंपनीच्या लीजवर नवीन गाडी की सेकंड हँड? घरात दोन पार्ट्या पडल्यात

फेज३ची_पोरगी
नमस्कार मंडळी. दसऱ्यापासून घरात एकच विषय चालू आहे, दिवाळी पण त्यातच गेली, म्हणून शेवटी इथे टाकतेय. आम्ही वाकडला राहतो, दोघंही आयटीत, माझं ऑफिस हिंजवडी फेज ३ ला, नवऱ्याला आठवड्यातून दोनदाच जावं लागतं. आत्तापर्यंत स्कूटर आणि कॅबवर भागलं पण आता लेक शाळेत जायला लागली आणि कराडला सासरी जायचं म्हटलं की ट्रॅव्हल्सच्या तिकिटापासून रामायण सुरू होतं, तर आता गाडी घ्यायचीच हे पक्कं.

नवऱ्याच्या कंपनीत कार लीज पॉलिसी आहे. ऑटोमॅटिक हॅचबॅक, ऑन रोड साडेनऊ लाख, ४८ महिने, महिना २४,००० भाडं. डाउनपेमेंट नाही, इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग त्यातच. भाडं पगारातून टॅक्सच्या आधी कापणार, एचआरची मॅडम म्हणाली "सर सरळ ३० टक्के वाचतात, वर्षाला नव्वद हजार", तेव्हापासून नवरा हवेत आहे. दुसरीकडे एका डीलरकडे तीच गाडी २०२१ ची, ४६ हजार किमी चाललेली, पावणेसहा लाखात मिळतेय. एफडी मोडली तर कर्ज न काढता घेता येईल. सासरे म्हणतात जुनीच घ्या, आधी हात बसू दे. माझी आई म्हणते लोकांनी वापरलेली गाडी कशाला, पूजा करायची तर नवीनच आणा. मला फक्त आकडे कळले तरी चालेल. पुढच्या वर्षी फ्लॅटसाठी होम लोन पण काढायचंय हे आधीच सांगून ठेवते.

चालत_पुढे
हिंजवडीला गाडीने? ताई, संध्याकाळी सहाला फेज ३ वरून निघालात तर लीज संपेपर्यंत वाकडला पोचाल. मेट्रोची वाट बघा :)

अंक्या
एचआरच्या मॅडमचा तो ३० टक्क्यांचा आकडा प्रत्येकाला लागू नसतो हो, आधी नवऱ्याचा स्लॅब सांगा. न्यू रेजीममध्ये (वजावटी जवळपास नसलेली नवी करपद्धत) २०२५-२६ पासून ३० टक्के २४ लाखांच्या वर लागतो. १२ ते १६ ला १५, १६ ते २० ला २०, २० ते २४ ला २५. पूर्वी जुन्या पद्धतीत १० लाखांच्या पुढे सगळ्यांनाच ३० बसायचे म्हणून लीज लय भारी वाटायची, ते पीपीटी अजून तसंच फिरतंय.

लीजचं तत्त्व असं आहे की गाडी कंपनीने भाड्याने घेऊन तुम्हाला वापरायला दिली, मग टॅक्सवाले पूर्ण भाडं तुमचं उत्पन्न धरत नाहीत. २०२५-२६ मध्ये १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनला महिना १८०० रुपये एवढीच सवलतीची किंमत पगारात मिळवायचे, त्याहून मोठं इंजिन असेल तर २४००, ड्रायव्हर दिला तर वर ९००. हे डिडक्शन (वजावट) नाही, पर्क्विझिट (कंपनीने पगाराबरोबर दिलेली सुविधा) आहे, म्हणून न्यू रेजीममध्येही चालतं. हा भाग खरा आहे आणि चांगला आहे, नाही असं नाही.

फेज३ची_पोरगी
धन्यवाद अंक्या! स्टँडर्ड डिडक्शन वगैरे जाऊन त्याचं करपात्र साधारण सव्वासतरा लाख येतं. न्यू रेजीमच आहे.

गॅरेजवाला_उचगाव
ताई टॅक्सचं मला काय कळत नाय, पण २०२१ ची गाडी म्हणालात म्हणून सांगतो. २०२१ च्या जुलैमधी आमच्याकडं कोल्लापूर-सांगलीला पाणी आलं आणि तिकडं २२ जुलैला चिपळूण बुडालं. तवा पाण्यात गेलेल्या लई गाड्या इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडं गेलेल्या) धरून विकल्या, त्या धुऊन पुसून पार पुण्या-मुंबईपर्यंत गेल्या. बाहेरनं बगून कळत नाय. काय करायचं, चारी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत वढून काढायचे, एकदम आतला पट्टा बगायचा, तिथं मातीची रेघ नायतर डाग दिसतोय का. मग सीट पुढं-मागं करून खालच्या पट्टीचे स्क्रू बगा, गंज चढलाय का. डिकीतली स्टेपनी उचला, खाली हात फिरवा, बारीक गाळ हाताला लागतोय. एसी लावल्यावर कुबट वास आला तर मालकाला रामराम करून घरी या.

ॲक्सिडेंटचं बगायला दरवाज्याचं रबराचं बीडिंग थोडं वढा, आत पत्र्यावर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल गोल स्पॉट असतात एकसारख्या अंतरावर. तिथं सपाट पुट्टी दिसली की पिलर (दाराजवळचा खांब) ठोकून वढलेला हाय. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात शिक्का असतोय, त्यात वर्साचा आकडा बगा, एकच काच येगळ्या सालची असंल तर का बदलली ते इचारा. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बगा, पान्याची खूण असंल तर बॉनेट खोललेलं हाय. आणि गाडी बगायला जाताना आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठिवू नका. इंजिन थंडच पायजे, थंड इंजिन खोटं बोलत नाय.

मीनल_कोथरूड
गॅरेजवाले दादा, हे प्रिंट काढून ठेवलं! बाकी किलोमीटरचं काय? मीटर मागे फिरवतात म्हणे.

गॅरेजवाला_उचगाव
फिरवत्यात की. लॅपटॉप लावला की झालं. म्हणून मीटरवर जाऊ नका, ब्रेकचं पेडल, स्टेअरिंगचा वरचा भाग, ड्रायव्हर सीटची उजवी कड बगा. ४६ हजारात पेडलचं रबर गुळगुळीत होत नाय. टायरवर चार आकडी नंबर असतोय, पयले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०२१ च्या गाडीला ४६ हजारात पयलेच टायर असाय पायजेत बहुतेक, चारी टायर नवे असतील तर गाडी जास्त पळलीय. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडी नंबर सांगून हिस्ट्री काढा, मालकाला संगं न्या म्हंजे देतील. ऑटोमॅटिक एएमटी (क्लच आपोआप दाबणारा गिअरबॉक्स) असंल तर ट्रॅफिकमधी क्लच लवकर जातोय, चढावर उभी करून हळू सोडून बगा, थरथरतीय का.

निघालो_पुणे_सोडून
लीजबद्दल अनुभवाचं सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. माझी ४८ महिन्यांची लीज होती, दीड वर्षात आमचा प्रोजेक्ट गेला, पाठोपाठ मी पण. त्या क्षणी तीन रस्ते असतात: नवीन कंपनीचा त्याच लीजवाल्याशी करार असेल तर ट्रान्सफर, नाहीतर उरलेले पैसे आणि वर दंड भरून गाडी स्वतःच्या नावावर, नाहीतर दंड भरून गाडी परत. नवीन कंपनीत पॉलिसीच नव्हती. फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून) रक्कम कापली गेली, म्हणजे ज्या महिन्यात पगार नाही त्याच महिन्यात लीजचा दणका. ईएमआयवर घेतलेली असती तर निदान विकून मोकळा झालो असतो, लीजच्या गाडीला ते करता येत नाही कारण ती तुमची नसतेच.

तर सही करायच्या आधी फोरक्लोजरचं (मुदतीआधी लीज मोडण्याचं) कलम पूर्ण वाचा, पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती असा तक्ता असतो. एचआर तो मेलमध्ये पाठवत नाही, मागावा लागतो. आणि आरसीवर नाव कोणाचं येणार ते विचारा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावाने पासिंग केलं तर जवळपास दुप्पट, आणि तो शेवटी भाड्यातूनच वसूल होणार.

सुमुख_ठाणे
होम लोन काढायचं म्हणालात ना, त्यावर कोणी बोललंच नाही. मी बँकेत आहे (कुठली ते सोडा). आम्ही पगारपत्रक मागतो तेव्हा लीज भाडं वजा होऊन हातात आलेला पगार दिसतो. २४ हजार कमी दिसले की तेवढं कर्ज कमी बसतं. कार लोनचा ईएमआय पण धरतोच आम्ही, तो १६-१७ हजार असेल तर तेवढाच धरला जातो. रोखीने जुनी घेतली तर यातलं काहीच मोजायचं नाही, पण मग फ्लॅटच्या डाउनपेमेंटला ती एफडी नसणार हे पण बघा. नवऱ्याचा पीएफ मात्र लीजमुळे कमी होत नाही, तो बेसिकवर असतो.

खडूस_मामा
सगळे लीज आणि जुनी यातच अडकलेत. सरळ नवीन का नको? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आलाय, चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंतची. तुमची हॅचबॅक त्यात बसते. नव्या गाड्यांचे भाव उतरले पण जुन्या बाजारातले डीलर अजून उन्हाळ्यातलेच भाव सांगतायत. पावणेसहा हा जुना भाव आहे, नवी स्वस्त झाल्यावर चार वर्षांची त्या भावाने घेणं म्हणजे डीलरची दिवाळी. घासाघीस करा, पाचच्या घरात आणा, नाहीतर शोरूम गाठा. आणि डीलर म्हणेल जुन्या गाडीवर पण १८ टक्के जीएसटी आहे, तर तो त्याच्या नफ्यावर आहे, पूर्ण किमतीवर नाही. ओळखीतल्या माणसाकडून घेतलीत तर तोही नाही.

अंक्या
मामा बरोबर आहे, चारही पर्यायांना एका रांगेत उभं करायला पाहिजे. मी बसून हिशोब केला, चार वर्ष वापरून शेवटी खिशातून किती गेले एवढंच बघतोय. पेट्रोल सगळीकडे सारखं म्हणून सोडलं. रिसेल माझा अंदाज, वाद घालू शकता.

आधी लीज. वर्षाचं भाडं २,८८,०००. त्यातून २०२५-२६ च्या १८०० प्रमाणे २१,६०० परत पगारात मिळवले, म्हणजे करपात्र उत्पन्न २,६६,४०० ने कमी झालं. आता गंमत बघा, सव्वासतरातून एवढे वजा केले की वरचे सव्वालाखच २० टक्क्यांच्या स्लॅबमधले निघतात, बाकीचे १५ च्या. सेस धरून टॅक्स वाचतो साधारण ४८ हजार वर्षाला. नव्वद नाही. चार वर्षांत भाडं ११.५२ लाख, टॅक्स वाचला १.९२, निव्वळ ९.६० लाख. गाडी परत दिली तर हाच तुमचा खर्च, आणि हातात चावी पण नाही.

पण चार वर्षांनी गाडी विकत घेता आली तर चित्र बदलतं. समजा जीएसटीसकट पावणेतीनला दिली आणि बाजारात ती सव्वापाचला जाते, तर तुमचा खर्च ७.१० वर येतो. म्हणजे लीजमध्ये खरा नफा-तोटा भाड्यात नाही, शेवटच्या त्या किमतीत आहे, आणि ती लेखी आहे का हे कोणी विचारतच नाही.

नवीन कर्जावर: साडेनऊची गाडी, ८ लाख कर्ज, ९ टक्के, ५ वर्ष, ईएमआय १६,६००. चार वर्षांत व्याज १.८५ च्या आसपास, पुढचे इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग मिळून एक लाख धरा, सव्वापाच रिसेल वजा केला की ७.१०. डाउनपेमेंटच्या पैशांचं बुडालेलं व्याज धरलं तर ७.४०.

जुनी: ५.७५, इन्शुरन्स ७० हजार, मेंटेनन्सला सव्वा लाख (टायर, बॅटरी, क्लच सगळं आलं), चार वर्षांनी तीन लाखाला गेली, तर ४.७०. एफडीचं व्याज बुडालं ते टॅक्स वजा जाता सव्वा लाख धरा, म्हणजे ५.९५. मामांचं ऐकून पाचला मिळाली तर अजून खाली.

नवऱ्याचा पगार तीसच्या वर असता तर लीज वेगळी दिसली असती, ३१.२ टक्क्यांनी वर्षाला ८३ हजार वाचले असते. सव्वासतराला नाही.

एडिसनकर
न्यू जर्सीहून :) इकडे लीज हा रोजचाच प्रकार आहे पण वेगळा. ३६ महिने, वर्षाला १० किंवा १२ हजार मैल, वर गेलात की मैलामागे पैसे, शेवटी परत देताना डिस्पोझिशन फी (गाडी परत देण्याचं शुल्क). मात्र रेसिड्युअल (लीज संपल्यावरची गाडीची किंमत) पहिल्या दिवशीच करारात छापलेला असतो, त्यामुळे अंक्या म्हणतात ते इथे आपोआपच होतं. मनी फॅक्टरला (लीजमधलं व्याज दाखवणारा छोटा आकडा) २४०० ने गुणलं की व्याजदर निघतो, हे डीलर स्वतःहून कधीच सांगत नाही, तेवढं सगळीकडे सारखंच. ईव्ही लीजवर साडेसात हजार डॉलरचा फायदा मिळत होता तो ३० सप्टेंबर २०२५ ला संपला, तेव्हापासून मित्रमंडळींत पुन्हा जुन्या गाड्यांची चर्चा सुरू झालीय. तिकडे लीजला किमीची मर्यादा असते का?

निघालो_पुणे_सोडून
@एडिसनकर असते, पण कंपनी लीजमध्ये फार कोणी बोट ठेवत नाही, गाडी परत देणार असाल तरच. त्या सबस्क्रिप्शनवाल्या (स्वतः दरमहा भाडं भरून घ्यायच्या) गाड्यांना मात्र पक्की असते. सबस्क्रिप्शनचं कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, नोकरदाराला त्यात टॅक्सचा फायदा शून्य, आणि नंबरप्लेट पांढरी देणार की काळी ते विचारा. काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी, कराडला सासुरवाडीत घेऊन गेलात तर आठवडाभर चर्चा.

फेज३ची_पोरगी
@निघालो सासुरवाडी नवऱ्याची, माझं सासर :D

अंक्या, तुमचं गणित नवऱ्याला दाखवलं. पाच मिनिटं काही बोलला नाही, मग एक्सेल उघडून स्वतः परत केलं, तोच आकडा आला. मग एचआरला मेल टाकला की ४८ महिन्यांनंतर कितीला देणार ते लेखी द्या. उत्तर आलं, "त्या वेळच्या बाजारभावाप्रमाणे लीजिंग कंपनी ठरवेल". झालं. लीज कटाप, त्यानेच केली, मला बोलावं पण लागलं नाही.

शनिवारी डीलरची गाडी बघून आलो. मी सीटबेल्ट ओढत बसले तेव्हा तिथला पोरगा हसत होता, बेल्ट स्वच्छ निघाले. पण डावीकडच्या मागच्या दाराच्या काचेवर वर्ष वेगळं, बाकी सगळ्या २१ च्या, ही २३ ची. बीडिंग ओढलं तर पुढच्या दारात ते गोल गोल स्पॉट छान रांगेत आणि मागच्या दाराच्या पिलरला एकदम प्लेन, नखाने टोकरलं तर पांढरी पावडर. डीलर म्हणे "मॅडम छोटासा टच होता, पार्किंगमधला". आम्ही चहा पिऊन निघालो.

गॅरेजवाला_उचगाव
पार्किंगमधल्या टचला पिलर वढावा लागत नाय ताई. बरं झालं निघालात.

मीनल_कोथरूड
मग आता काय ठरलं? आईंची पूजा?

फेज३ची_पोरगी
पूजा जुन्या गाडीची पण होते असं सासऱ्यांनी आईला फोनवर सांगितलं, त्यावर आई जे बोलली ते इथे नको.

आता एक चांगला चान्स आलाय. नवऱ्याच्या टीममधला एक जण जर्मनीला चाललाय, त्याची २०२२ ची गाडी, ३१ हजार किमी, पहिला मालक, सगळी सर्व्हिस एकाच ठिकाणी झालेली, हिस्ट्री आम्ही तिथे जाऊन बघितली, मीटरशी जुळते. ६ लाख १० म्हणतोय, पाच नव्वदपर्यंत येईल असं वाटतं. काचा एका सालच्या, बेल्ट स्वच्छ, टायर पहिलेच आहेत, अजून वर्षभर चालतील. एकच गोष्ट, आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे, कर्ज मार्चमध्येच फिटलंय म्हणतो. कागदपत्रांचं कोणी नीट सांगेल का, एजंट बारा हजार मागतोय.

आरटीओ_जवळचा
बारा कशाला, स्वतः करा. आधी बोजा. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) घ्यायचा, तो उतरल्याशिवाय नावावर होताना अडकणार. मग ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे ओळख-पत्त्याचे पुरावे. गाडी एमएच १४ ची आणि तुम्ही पण वाकडचे म्हणजे त्याच आरटीओत, दुसऱ्या राज्याच्या गाडीसारखी फॉर्म २८ ची (आरटीओच्या एनओसीची) भानगड नाही. विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, तुम्हाला ३० दिवस.

ई-चलान बघा, गाडी नंबर टाकला की निघतात, थकलेली असतील ती त्यालाच भरायला लावा. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्यायला अर्ज टाका, आणि त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सवलत) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, म्हणजे प्रीमियममध्ये फरक भरावा लागेल, तो भाव ठरवताना आत्ताच बोलून घ्या. फास्टॅग त्याचा बंद करून तुमचा नवा.

खडूस_मामा
नो क्लेम बोनसच्या फरकापोटी पाच ऐंशी म्हणा, पाच पंच्याऐंशीला तुटेल.

आरटीओ_जवळचा
आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तो जर्मनीला कधी निघतोय? ऑनलाइन अर्ज करताना मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो उडाला आणि इथलं सिम बंद झालं तर तुम्ही गाडी चालवत बसाल आणि आरसीवर नाव त्याचंच, उद्या काही झालं तर नोटीस त्याच्या बंद घराला. पैसे पूर्ण देऊ नका. टोकन द्या, पावतीवर गाडी नंबर, चॅसिस नंबर आणि "बोजा उतरवून ट्रान्सफर झाल्यावर बाकी रक्कम" असं लिहून दोघांच्या सह्या. पैसे बँकेतूनच.

फेज३ची_पोरगी
बाप रे, तो याच महिन्याच्या शेवटी निघतोय! आत्ताच नवऱ्याला उठवलं. उद्या दोघं सुट्टी टाकून आधी त्याच्या बँकेत जातायत फॉर्म ३५ साठी, तिथून जमलं तर आरटीओ. टोकन अजून दिलेलं नाही, पावतीचा मजकूर तुम्ही लिहिलाय तसाच टाईप करतेय. गॅरेजवाले दादा, हा गाडी चालू करून ठेवतो का ते बघायला मी सकाळी सातलाच जाऊ ना?

गॅरेजवाला_उचगाव
साडेसहाला जावा. बॉनेटवर हात ठिवून बगा, गार असंल तरच पुढचं.